रंग वगळला म्हणून सत्य वगळलं असं होत नाही

रस्त्यावरच्या रोजच्या जगण्याची कृष्णधवल छायाचित्रं भिंतीवर लागली की एक आक्षेप हमखास येतो. आपला देश रंगांचा, आपले रस्ते रंगांनी ओसंडून वाहणारे. मग त्यातला रंगच काढून टाकण्याचा हा अट्टहास कशासाठी? कुणी त्याला युरोपीय छायाचित्रकारांची नक्कल म्हणतं, कुणी गतकाळाचं वेड, तर कुणी गरिबीवर चढवलेला कलात्मक मुलामा. फोनमध्ये एका बोटानं रंग पुसता येऊ लागल्यापासून या आक्षेपाला आणखी धार आली आहे. त्याची सर्वांत भक्कम मांडणी रघुबीर सिंग यांनी १९९८ साली ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकाच्या प्रस्तावनेत केली. जयपूरमध्ये जन्मलेले, रंगीत फिल्मवर आपली ओळख उभी करणारे आणि ‘बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया’ (१९९४) हे पुस्तक करणारे सिंग हे मोठे छायाचित्रकार. त्यांच्या मांडणीचं सार असं, की भारतीय माणूस जग रंगातून जाणतो, लघुचित्रांपासून सणावारांपर्यंत आपली दृष्टी रंगात मुरलेली आहे, आणि कृष्णधवल छायाचित्रणामागे पाश्चात्त्य आधुनिकतेतलं तुटलेपण उभं आहे, ते आपलं नव्हे. चामडी वस्तूंच्या दुकानातून त्यांनी टिपलेला १९८९ सालचा केम्प्स कॉर्नर पाहिला की त्यांचा रंगावरचा हक्क मान्य करावाच लागतो. पण त्या छायाचित्राच्या थोरवीवरून एवढंच सिद्ध होतं की रंगात मोठं काम करता येतं. रंगाशिवाय केलेलं काम परकं किंवा खोटं ठरतं, हे त्यातून निघत नाही. रोजचं जगणं टिपताना रंग बाजूला ठेवणं ही पाहण्याची एक शिस्त आहे, आजच्या आपल्या रस्त्यांना तिची पूर्वीपेक्षा जास्त गरज आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आधी हे पाहू, की आज रस्त्यावर दिसणारा रंग कुणाचा आहे. लुगड्याचा, फुलांचा, भिंतीला दिलेल्या चुन्यातल्या निळीचा रंग अजून आहे. पण डोळ्यांत सर्वांत आधी घुसतो तो फ्लेक्सचा रंग. नेत्याच्या वाढदिवसाचे बॅनर, मोबाइल कंपन्यांच्या पाट्या, बँकांचे फलक, शिकवणी वर्गांची होर्डिंग्ज. हे रंग पैसे मोजून, लक्ष खेचून घेण्यासाठीच निवडलेले असतात. दादर स्टेशनबाहेरच्या पदपथावर भाजीचे वाटे लावून बसलेली बाई डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर निळी ताडपत्री, पाठीमागे भगव्या-लाल अक्षरांचा शुभेच्छा फलक, शेजारी लाल प्लास्टिकची बादली. ती एका हातानं कोथिंबिरीची जुडी पुढे करते, दुसऱ्या हातानं मांडीखालच्या गोणपाटाशी सुटे पैसे चाचपते आणि नजर मात्र पदपथाच्या टोकाला लावून बसते, कारण पालिकेची गाडी कधीही येऊ शकते. रंगीत छायाचित्रात डोळा आधी फलकावर जातो, मग ताडपत्रीवर, मग बादलीवर. बाईकडे पोचेपर्यंत तिचा नंबर चौथा लागलेला असतो. हाच क्षण करड्या छटांत उतरवला की भडक रंगांची आपसांतली झुंज संपते, कारण रंग म्हणून वेगळे भासणारे लाल आणि हिरवा उजेडाच्या मापात अनेकदा जवळजवळ सारखेच असतात आणि करड्यात मिसळून जातात. उरतो तो प्रकाश, चेहऱ्यावरचा ताण आणि एकाच वेळी तीन कामं करणाऱ्या शरीराची ठेवण. रोजच्या जगण्याचा आशय बव्हंशी इथेच असतो. कोण कुणाला वाट देतं, कोण कुणाकडे पाहणं टाळतं, गर्दीत कोण किती जागा घेतं, दिवसभराच्या कामानं खांदा कुठे झुकतो.

यावर एक रास्त शंका निघते. तो फलकसुद्धा रस्त्याचं वास्तवच आहे. मग त्याला दाबून टाकणारा छायाचित्रकार वास्तव लपवत नाही का? लपवत नाही. कृष्णधवल छायाचित्रात फलक जागेवरच असतो. त्यावरची अक्षरं वाचता येतात, शुभेच्छुकांचे चेहरे मोजता येतात. त्याच्याकडून काढून घेतला जातो तो फक्त पहिल्या नजरेचा मान, आणि तो त्याला रस्त्यानं दिलेला नव्हता, पैशानं मिळालेला होता. रघू राय यांचं १९९५ सालचं चर्चगेट स्थानकाचं छायाचित्र या दृष्टीनं पुन्हा पाहावं. कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवल्यामुळे फलाटावरून वाहणारी गर्दी धुरासारखी विरघळलेली दिसते, आणि तिच्या मधोमध वर्तमानपत्रात डोकं घालून थांबलेली माणसं तेवढी स्पष्ट उमटतात. शेकडो सदऱ्यांचे, पिशव्यांचे, साड्यांचे रंग त्या विरघळलेल्या पट्ट्यात शिरले असते, तर गती आणि स्थिरता यांतला विरोध रंगांच्या रेघोट्यांत हरवला असता. मुंबईकर लोकलच्या वेळापत्रकावर कसा जगतो आणि त्यातही स्वतःपुरती जागा कशी राखतो, हे ते छायाचित्र एका चौकटीत सांगतं, ते रंग सोडल्यामुळेच.

दुसरा मुद्दा खरेपणाचा. आपण जग रंगीत पाहतो, म्हणून रंगीत छायाचित्र वास्तवाच्या जास्त जवळचं, असं सहज मानलं जातं. पण कॅमेऱ्यातला रंग म्हणजे डोळ्यानं पाहिलेला रंग नव्हे. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांच्या नावे १९७६ साली पेटंट झालेली रंगगाळण्यांची जाळी आजही बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत आणि फोनांत वापरली जाते. तिच्याखालचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा उजेड मोजतो. बाकीचे दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेब करून भरले जातात. संवेदक स्वतः फक्त उजेडाची मात्रा जाणतो. लायका कंपनीनं २०१२ साली ही जाळीच काढून टाकलेला, फक्त कृष्णधवल छायाचित्रं घेणारा कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा तिनं काही खोटं भरलं नव्हतं. एक हिशेब कमी केला होता. फिल्मच्या काळातही रंग निर्दोष नव्हता. प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी वर्षानुवर्षं वापरली जाणारी ‘शर्ली कार्ड’ गोऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवर बेतलेली होती, त्यामुळे सावळ्या-काळ्या कातडीचे बारकावे रंगीत छपाईत वारंवार मारले जात. अर्थात कृष्णधवलचीही स्वतःची खोड होती. फिल्मच्या जागी वापरल्या जाणाऱ्या जुन्या काचा लाल उजेडाला जवळजवळ आंधळ्या असल्यानं गव्हाळ चेहरे असतात त्याहून काळे उमटत. म्हणून दोन्ही बाजूंनी खरेपणाचा दावा सोडून द्यावा हे बरं. रंगीत असो वा कृष्णधवल, छायाचित्र म्हणजे जगाचा एक हिशेबी अनुवाद आहे, आणि कुठला अनुवाद कुठल्या आशयाला न्याय देतो एवढाच प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आता भारतीयपणाचा मुद्दा. आपली दृष्टी केवळ रंगाची, हे म्हणणं ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका झोपडीच्या भिंतीपाशीच अडखळतं. गेरूनं किंवा शेणामातीनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी वारली बाया-माणसं शतकानुशतकं पेरणी, लावणी, मासेमारी, तारपा नाच रंगवत आली आहेत. त्या चित्रांचा विषय रोजचं जगणं हाच आहे आणि छटा अवघ्या दोन. मागची जमीन गडद, वरची रेघ पांढरी. माणूस ओळखू येतो तो कपड्याच्या रंगावरून नव्हे, कमरेच्या वाकण्यावरून आणि हातापायांच्या कोनावरून. जिव्या सोमा मशे यांनी ही रेषा कागदावर आणि जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळवली. पण दोन छटांची शिस्त त्यांनी बाजारासाठी सोडली नाही. रंगाचा मोह टाळून हालचालीवर नजर ठेवणं ही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट असेल, तर वारली भिंतही परकीच म्हणावी लागेल. लघुचित्रांची परंपरा जेवढी भारतीय, तेवढीच हीसुद्धा भारतीय. यातली एकच निवडून तिला सगळ्या देशाची दृष्टी ठरवणं म्हणजे दरबाराच्या भिंतीकडे पाहून झोपडीची भिंत विसरणं.

कृष्णधवल छायाचित्रणाची इथली पाळंमुळंही आक्षेप घेणारे समजतात तेवढी उथळ नाहीत. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे मुंबईच्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. विसाव्या शतकात होमाई व्यारावाला यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना आणि त्यानंतर मुंबईचं रोजचं जीवन टिपलं. त्यांची सुरुवातीची छायाचित्रं पती माणेकशा यांच्या नावानं छापली जात. स्वतंत्र भारतानं १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना काढला, आणि ‘इंदू’ या नावाची कृष्णधवल फिल्म देशातल्या स्टुडिओंत आणि हौशी छायाचित्रकारांच्या हाती पोचली. ती स्वस्त होती, मोरीत अंधार करून घरीच धुता येत होती. रघुबीर सिंग यांची कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म मात्र अमेरिकेतल्या कंपनीची, आणि तिची धुलाई इतकी गुंतागुंतीची की घरच्या अंधाऱ्या खोलीत ती करणं शक्यच नव्हतं. साधन कुठून आलं यावरून कलेची जात ठरत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच ते माप फक्त कृष्णधवललाच लावणं अन्यायाचं आहे. वर्तमानपत्रं रंगीत होईपर्यंत इथल्या बहुसंख्य छायाचित्रकारांनी पोट भरलं ते याच माध्यमावर. त्यांच्या हातच्या रोजच्या हत्याराला युरोपीय दुःखाची उसनवारी म्हणणं म्हणजे त्या कष्टकऱ्यांना इतिहासातून बाहेर काढणं आहे.

कृष्णधवल म्हणजे वसाहतीची नजर, हा आरोप याहून गंभीर आहे, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. गोऱ्या अंमलदारांनी आणि हौशी लोकांनी इथल्या माणसांची जात, धंदा, पोशाख यांनुसार कॅमेऱ्यात नोंद केली हे खरं आहे. विल्यम जॉन्सन यांच्या १८६० च्या दशकातल्या मुंबईच्या लोकांवरच्या दोन खंडांत स्टुडिओत घेतलेली माणसं कापून दुसऱ्याच पार्श्वभूमीवर चिकटवलेली आहेत. पण त्या छायाचित्रांचा दोष काळ्या-पांढऱ्या छटांत नाही. माणसाला त्याच्या जागेवरून, कामावरून आणि नात्यांवरून उपटून नमुना बनवण्यात तो आहे. रस्त्यावरचं छायाचित्रण नेमकं याच्या उलट करतं. माणसाला तो जिथे आहे तिथेच, इतरांच्या गर्दीत, त्याच्या धांदलीसकट ठेवतं. आणि नमुना बनवण्याचं काम रंगही उत्तम करतो. पर्यटन खात्याच्या ‘इन्क्रेडिबल इंडिया’सारख्या मोहिमांत, विमानांतल्या मासिकांत, कॅलेंडरांत लाल पागोट्याचा म्हातारा आणि पिवळ्या साडीतली पाणी वाहणारी बाई किती वेळा आली असेल! त्या चित्रांत माणूस म्हणजे रंगाचा एक ठिपका असतो. त्याचं नाव, मजुरी, पाठदुखी कुणाला नको असते. परदेशी नजरेला आवडणारा भारत बहुतांशी रंगीतच आहे.

गरिबीला सुंदर करण्याचा आरोपही असाच तपासून घ्यावा लागतो. करड्या छटा कोणत्याही दृश्याला एक संथ भारदस्तपणा देतात, त्यामुळे उकिरडासुद्धा देखणा दिसू शकतो, ही भीती निराधार नाही. पण सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं काम या भीतीला उत्तर देतं. मॅनहोलमध्ये उतरलेला, अंगभर मैला माखलेला माणूस रंगात दाखवला असता तर बघणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया किळसेची झाली असती, आणि किळस माणसाला नजर फिरवायला लावते. शहर या कामगारांशी रोज तेच करत आलं आहे. ओलवे यांच्या कृष्णधवल छायाचित्रात मैल्याचा रंग जातो, पण त्याची चिकट ओली चकाकी कातडीवर तशीच राहते. हातमोजे नसलेले हात दिसतात, आणि त्या काळ्या लगद्यातून वर आलेले डोळे थेट आपल्याकडे पाहतात. आपण नजर फिरवू शकत नाही. इथे सौंदर्यानं अन्यायावर पांघरूण घातलेलं नाही. पाहणाऱ्याला पळून जाण्याची वाट बंद केली आहे. एखाद्या छायाचित्रात दारिद्र्य सजवलं आहे का, हे ठरवायचं असेल तर एकच पाहावं: छायाचित्र संपल्यावर मनात उजेडाचा खेळ राहतो की त्या माणसाची अवस्था? हा निकष रंगीत आणि कृष्णधवल दोघांनाही सारखाच लागू आहे.

स्मरणरंजनाच्या आक्षेपात एक अंश खरा आहे. कृष्णधवल छायाचित्र आजच्या दिवसालाही जुनं करून टाकतं, आणि उद्याच्या अभ्यासकाला बेस्टच्या बसचा लाल, काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा पिवळा हवा असणार. प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी आणि जुन्या डिझेल डबलडेकर बस २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या; त्यांचा रंग ज्यांनी नोंदवला त्यांचे उपकारच आहेत. पण काळाची खूण फक्त रंगात नसते. ‘सलाम बॉम्बे’च्या पटकथाकार सूनी तारापोरवाला यांनी १९७७ पासून मुंबईची कृष्णधवल छायाचित्रं घेतली आणि २०१७ साली ती ‘होम इन द सिटी’ या नावानं एकत्र आणली. चाळीस वर्षांत कपड्यांची बेतणी बदलली, पाट्यांवरची हातानं काढलेली अक्षरं गेली, माणसांची एकमेकांशेजारी बसण्याची रीत बदलली, हे सगळं रंगाविना तिथे वाचता येतं. उलट रंग नसल्यामुळे त्या काळातलं आणि या काळातलं छायाचित्र शेजारी ठेवून सारख्या नजरेनं ताडता येतं. टिकण्याचा विचार केला तर मापही उलटं फिरतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले लग्नाचे रंगीत अल्बम घरोघरी लालसर होऊन विटले आहेत, कारण त्या छपाईतले रासायनिक रंग अंधाऱ्या कपाटातही झिजतात. त्याच घरातली त्याआधीच्या पिढीची, नीट धुतलेली चांदीच्या क्षारांवरची कृष्णधवल छायाचित्रं अजून ठसठशीत आहेत. कोडॅक्रोमच्या स्लाइड अंधारात चांगल्या टिकतात, हा त्यातला अपवाद. पण सामान्य माणसाच्या हाती आलेला रंग टिकाऊ नव्हता. स्मृती जपायची असेल, तर ज्याला स्मरणरंजन म्हणून हिणवलं जातं तेच माध्यम अधिक भरवशाचं ठरलं आहे.

एवढं म्हटल्यावर मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात, नाहीतर हा प्रतिवाद हट्ट होईल. सोमवती अमावस्येला जेजुरीच्या गडावर उधळलेला भंडारा कृष्णधवलमध्ये नुसती धूळ होतो. तिथे हळदीचा पिवळा हीच श्रद्धा, तोच प्रसाद, तीच ओळख. तो काढून टाकणारा छायाचित्रकार आशयच काढून टाकतो. दादरच्या फूलबाजारात झेंडू आणि अबोली यांतला फरक रंगाशिवाय सांगता येणार नाही. केतकी सेठ यांनी ‘बॉम्बे मिक्स’ (२००७) मध्ये मुंबईचे रस्ते कृष्णधवलमध्ये टिपले, पण पुढे देशभरातल्या फोटो स्टुडिओंवर काम करताना त्यांनी रंग घेतला. रंगवलेले पडदे हाच जिथे विषय, तिथे तो हवाच होता. विचारी छायाचित्रकार असाच वागतो, विषयाला विचारून निर्णय घेतो. म्हणूनच फसलेलं छायाचित्र रंग पुसून वाचवण्याची जी सवय फोननं लावली आहे, तिच्यावर आक्षेपकांइतकाच माझाही राग आहे. चौकट ढिली, क्षण निसटलेला, उजेड विस्कटलेला, आणि वर गांभीर्याचा करडा लेप. त्या छायाचित्रात रंगाचा अभाव हा निर्णय नसतो, सारवासारव असते. पण वाईट कविता लिहिली गेली म्हणून कुणी छंद बंद करत नाही. तसं फिल्टरच्या गैरवापरावरून एका माध्यमाला दोषी धरता येत नाही.

तेव्हा स्पर्धांचे परीक्षक, मासिकांचे संपादक आणि कलाशाळांतले शिक्षक यांच्याकडे मागणी एवढीच, की कृष्णधवल छायाचित्र समोर आलं की त्यात रंग का नाही असं विचारून थांबू नका. रंग गेल्यामुळे काय दिसू लागलं ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर छायाचित्र खुशाल बाजूला ठेवा. आणि तोच प्रश्न रंगीत छायाचित्रालाही विचारा: इथे रंगामुळे काय कळलं, जे त्याच्याविना कळलं नसतं? आज सर्वांत जास्त मोकळीक मिळते ती रंगाला, कारण तो कॅमेऱ्यात आपोआप येतो आणि आपोआप आलेल्या गोष्टीला कुणी जाब विचारत नाही. छायाचित्रण शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनं काही काळ तरी रंगाशिवाय रस्ता पाहावा, म्हणजे फलकापलीकडची माणसं, त्यांचे हात, त्यांच्यातली अंतरं ओळखायची सवय लागेल. मग त्यांनी रंग हाती घेतला तर तो समजून घेतलेला असेल. आपल्या शहरांत रोज लाखो माणसं काम करतात, वाट पाहतात, एकमेकांना सांभाळून घेतात, आणि त्यांच्या डोक्यावर टांगलेला प्रत्येक रंग ओरडून सांगत असतो की त्यांच्याकडे नको, माझ्याकडे पाहा. त्या आज्ञेला नकार देऊन माणसाकडे पाहणारं छायाचित्र या देशाला परकं असूच शकत नाही.